ठाण्याचा 'ठ': चौकटी आणि कर्कटक घेऊन बांधलेलं बोधचिन्ह, मतं हवीत

रेषाक्रम

ठाण्यातल्या तलावांच्या काठाने फिरणारा आमचा एक हौशी गट आहे. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, आंबे घोसाळे असा दर फेरीला एक तलाव घ्यायचा, पाणी कसं आहे, झाडं कुठली, पक्षी कुठले हे लिहून ठेवायचं. गटाला बोधचिन्ह हवंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. वेष्टनं आणि पुस्तकांची मांडणी हा माझा रोजचा व्यवसाय, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. इथे छपाईवाले, अक्षरकार, वास्तुरचनाकार बरेच आहेत, म्हणून आराखडा सविस्तर मांडते. खटकेल ते मोकळेपणी सांगा.

हे चिन्ह टोपीवर मशीनच्या भरतकामाने येणार, टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंगने, नोंदवहीवर रबरी शिक्क्याने, काठावरच्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत. पैसे बेताचे आहेत, तेव्हा रंग एकच. म्हणून मी सुरुवातीपासून काळ्यावर काम करतेय. काळ्या रंगात जे उभं राहत नाही ते निळ्यातही राहत नाही.

कल्पना साधी आहे. देवनागरी 'ठ' म्हणजे शिरोरेषा, तिच्याखाली छोटी मान आणि मानेला लटकलेलं वर्तुळ. वर्तुळ म्हणजे तलाव. ठाण्याचं पहिलं अक्षर आणि ठाण्याची ओळख एकाच आकारात येतात, वेगळं चित्र चिकटवावं लागत नाही.

आता मापं. १६ बाय १६ चौकटींचा चौरस घेतला. चारही बाजूंना २-२ चौकटी मोकळ्या, म्हणजे चिन्हाला १२ बाय १२ उरतात. शिरोरेषा १२ लांब, २ जाड. मान २ रुंद, २ उंच. वर्तुळाचा बाहेरचा व्यास ८, आतल्या पोकळीचा ४, म्हणजे कड्याची जाडी २. उंचीची बेरीज २ अधिक २ अधिक ८, बरोबर १२. सगळ्या जाड्या एकच आहेत आणि प्रत्येक माप २ च्या पटीत आहे.

१६ चौकटी घेण्यामागे कारण आहे. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं सर्वांत छोटं चित्र १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. तिथे एक चौकट म्हणजे एक पिक्सेल होते, आणि शिरोरेषा, मान यांच्या कडा पिक्सेलच्या कडेवरच पडतात. आडव्या-उभ्या रेघा धूसर होत नाहीत.

मोठ्या आकारासाठी पोकळीत पाण्याचं एक वलय ठेवलंय, अर्ध्या चौकटीच्या जाडीचं. आकार लहान झाला की ते काढून टाकायचं. त्याबद्दल मी अजून साशंक आहे.

मासुंदाकाठ

ताई, मीही याच फेऱ्यांना येतो. कल्पना आवडली. एक शंका. आपला एकही तलाव गोल नाही. तलावपाळीला, म्हणजे मासुंद्याच्या काठाने, चक्कर मारणाऱ्या कुणालाही ते माहीत आहे. मग वर्तुळ का?

आणि फ्लेमिंगोचा विचार केला होता का? ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला, लोकांना तो पक्षी लगेच ओळखू येतो.

रेषाक्रम

वर्तुळ हा तलावाचा नकाशा नाही. पाण्यात खडा टाकला तर तलाव कुठल्याही आकाराचा असो, तरंग गोलच उठतो. एका तलावाचा खरा काठ घेतला असता तर बाकीचे तलाव बाहेर राहिले असते. आणि वाकडातिकडा काठ शिक्क्यावर शाईच्या डागासारखा उमटतो.

फ्लेमिंगो खाडीचा. आपल्या फेऱ्या तलावांच्या. शिवाय ऐरोली ते बेलापूर आणि इकडे ठाण्यातही तो इतक्या फलकांवर, भिंतींवर, पुलांखाली रंगवलाय की त्या गर्दीत आपलं चिन्ह वेगळं ओळखू येणार नाही. बोधचिन्हाने पहिलं काम वेगळेपणाचं करायचं असतं.

पहिलंवर्ष

मी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळे गोल्डन रेशोची (साधारण १ ला १.६१८ या प्रमाणाची) वर्तुळं लावून लोगो दाखवतात. तुम्ही ते प्रमाण कुठे वापरलंय? अ‍ॅपलच्या लोगोवर तशी वर्तुळं बसवलेली चित्रं इंटरनेटवर खूप आहेत.

रेषाक्रम

वापरलेलं नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. इथलं प्रमाण २, ४, ८, १२ असं आहे, कारण जाडी २ ठरली आणि बाकी सगळं तिच्यातून आलं.

अ‍ॅपलचं ते सफरचंद रॉब जॅनॉफ यांनी १९७७ मध्ये काढलं. तुम्ही म्हणता ती वर्तुळं इतरांनी नंतर त्यावर बसवलेली आहेत. पुरेशी वर्तुळं हाताशी असली की कुठल्याही आकारावर काही ना काही बसतंच. ते पाहायला छान वाटतं, पण त्यातून एकही निर्णय निघत नाही.

जाळी, म्हणजे ही चौकटींची आखणी, उपयोगी पडते ती निर्णय घेताना. मान किती लांब हवी? 'थोडी आखूड' असं उत्तर दिलं तर दर वेळी नव्याने वाद घालावा लागतो. '२ चौकटी' म्हटलं की पुढचा माणूसही तेच चिन्ह तसंच काढू शकतो. म्हणून माझा क्रम असा असतो: आधी हाताने खूप रेखाटायचं, अगदी जाड मार्करने, म्हणजे बारकावे काढताच येत नाहीत. त्यातला एक आकार टिकला की तो जाळीवर आणायचा. आणि शेवटी जाळी बाजूला ठेवून डोळ्याने दुरुस्त करायचा. तुम्ही दाखवता त्या चित्रांत मधली पायरी तेवढी दिसते.

जाळी काटेकोरपणे राबवलेली चिन्हं बघायची असतील तर डॉइच बँकेचं बघा. चौरस आणि त्यात एक तिरकी रेघ, बस. अँटोन स्टॅन्कोव्स्की यांचं काम, १९७४ पासून वापरात आहे. किंवा चेस बँकेचा १९६१ चा अष्टकोन: एकच तुकडा मधल्या चौरसाभोवती चार वेळा फिरवलेला. दोन्ही चिन्हं काही दिवस पाहिली तर पाठ होतात आणि कागदावर काढताही येतात.

कित्ता

मी कित्ते गिरवून घेणाऱ्या पिढीतला. बोरू हातात धरूनच अक्षर शिकलो. आधी एक चांगलं सांगतो: अक्षराची मापं बोरूच्या टोकाच्या रुंदीत मोजायची ही आपल्याकडची जुनी रीत. तुम्ही जाडी हेच एकक धरलंय, म्हणजे त्याच रीतीने चाललात.

आता तक्रार. आडव्या आणि उभ्या रेघेची जाडी मापाने सारखी ठेवलीत तर डोळ्याला आडवी जाड दिसते. तुमची शिरोरेषा वर्तुळाच्या डोक्यावर तुळईसारखी बसलीय. ती बारीक करा.

दुसरं, मान. २ बाय २ म्हणजे चौरस ठोकळा. मान आखूड असली तर वर्तुळ शिरोरेषेला चिकटल्यासारखं वाटतं, फार लांब केली तर अक्षर लोंबतं. मला ती जरा अरुंद हवी असं वाटतं, उंची आहे ती ठीक.

तिसरं, तुम्ही पोकळी मोठी ठेवलीत हे फार बरं केलंत. पोकळी बारीक असती आणि चिन्ह उलटं पडलं असतं तर लोकांना स्टेट बँक आठवली असती.

रेषाक्रम

कित्ताकाका, मनापासून आभार. तिन्ही मुद्दे पटले.

स्टेट बँकेचा विचार माझ्याही डोक्यात होता. ते चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांचं, १९७१ चं. निळी भरीव चकती, मधे छोटं गोल भोक आणि त्यातून खाली उतरणारी पांढरी पट्टी. आपल्याकडे अनेक चिन्हं आली आणि बदलली, हे अजून गावोगावच्या पाट्यांवर तसंच दिसतं, कारण त्यात बिघडण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. आपल्या कड्याची पोकळी बाहेरच्या व्यासाच्या निम्मी ठेवली की दोन्हींत गोंधळ होत नाही. म्हणून ते ४ चं माप मी हलवणार नाही.

शिरोरेषा १.८५ केली, मान १.९. आकडे फार बारीक वाटतील, पण छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यावर फरक लगेच दिसला. मूळ २ वाली शिरोरेषा खरंच वर्तुळाला दाबत होती.

कळव्याची_बाई

मी शाळेत चित्रकला शिकवते. हा धागा इंटरमिजिएटच्या मुलांना वाचून दाखवणार आहे. भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर म्हणजे गुणांसाठी उरकायचा भाग असं मुलांना वाटतं. कर्कटक, गुण्या, स्पर्शिका यांचं पुढे काय होतं ते इथे दिसतंय.

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके असतात तशी ही जाळी आहे असं मी त्यांना सांगेन. ठिपके नीट पडले तरच रेघ नीट जाते, आणि रांगोळी पुरी झाल्यावर ठिपके कुणी मोजत नाही.

एक विचारते. मुलांकडे कॉम्प्युटर नाही. चौकटीच्या वहीत हे सगळं जमेल ना?

रेषाक्रम

बाई, नक्की जमेल, आणि वहीतच आधी करावं. गणिताच्या चौकटीच्या वहीत १६ चौकटी मोजा. डावीकडून आठव्या आणि नवव्या चौकटींमधली उभी रेघ हा मध्य. त्या रेघेवर, वरून १० चौकटी खाली कर्कटकाचं टोक रोवा. ४ चौकटींच्या त्रिज्येने बाहेरचं वर्तुळ, २ च्या त्रिज्येने आतलं. वरून २ सोडून शिरोरेषा, तिच्याखाली मान. काळ्या पोस्टर कलरने भरा.

मग वही बंद करून दुसऱ्या कागदावर तेच चिन्ह आठवून काढायला सांगा. ही परीक्षा मी माझ्या प्रत्येक कामाला लावते. मुलांनी जे गाळलं ते चिन्हातही बहुधा नको असतं. माझ्या भाचरांनी पाण्याचं वलय काढलंच नाही, एकानेही नाही. त्यामुळे वलयावर मी आता जवळजवळ काट मारली आहे.

फ्लेक्सवाला_वागळे

वागळे इस्टेटमध्ये फ्लेक्स, व्हिनाईल आणि शिक्के, तिन्ही करतो. ताई, डीपीचा विचार केलात का? व्हॉट्सअ‍ॅप चौकोनी फोटो गोल कापतं. तुमच्या शिरोरेषेची दोन्ही टोकं उडणार.

वलय काढा असंच मीही म्हणेन. टोपीवर चिन्ह ३६ मिमी रुंद धरलं तर तुमची एक चौकट ३ मिमी, अर्धी दीड मिमी. भरतकामात दीड मिमी निघेल. १ मिमीच्या खाली दोरा नीट बसत नाही. पण शिक्का १८ मिमीचा असेल तर अर्धी चौकट पाऊण मिमी होते. पॅडवर शाई जरा जास्त झाली की वलय आणि कडं एक होणार.

रेषाक्रम

हिशेब अगदी बरोबर आहे. शिरोरेषेचा कोपरा चौरसाच्या मध्यापासून ६ आडवा आणि ६ उभा, म्हणजे कर्णाने साधारण ८.५ वर आहे. डीपीच्या वर्तुळाची त्रिज्या ८. अर्धी चौकट कापली जाणार.

दोन वाटा आहेत. एक, सगळं चिन्ह लहान करायचं. वर्तुळात पूर्ण मावणाऱ्या चौरसाची बाजू व्यासाच्या ०.७०७ पट असते, म्हणजे १६ च्या वर्तुळात ११.३. आपलं १२ आहे, आणि काठाला चिकटू नये म्हणून १० पर्यंत आणावं लागेल. मोबाईलवर डीपी तसाच करंगळीच्या नखाएवढा, त्यात आणखी लहान करायचं जिवावर येतं.

दुसरी वाट मला जास्त आवडली. डीपीपुरती शिरोरेषा १२ ऐवजी ८ करायची. कोपरा मग ४ आडवा आणि ६ उभा, मध्यापासून ७.२ वर. वर्तुळाच्या आत मावतो. कडं, मान, जाड्या सगळं तेच राहतं.

एक गोष्ट मात्र पुन्हा डोळ्याने करावी लागली. ८ ची शिरोरेषा आणि तिच्याखाली ८ चं वर्तुळ ठेवलं की वर्तुळ लहान दिसतं, कारण ते रुंदीच्या रेघेला एका बिंदूतच शिवतं. म्हणून त्याचा व्यास ८.२ केला. अक्षरं घडवणारे हे नेहमीच करतात, गोल अक्षर सरळ अक्षरापेक्षा किंचित मोठं काढतात. गुगलचा २०१५ पासूनचा 'जी' सुद्धा कर्कटकाने काढलेलं अचूक वर्तुळ नाही, डोळ्याला गोल दिसेल असा घडवलेला आहे.

बेलापूरकर

मी वास्तुरचनाकार, राहायला बेलापूरला. शिरोरेषा आखूड-लांब करण्याचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं, कारण तुमच्या सगळ्या आराखड्यात मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. तुम्ही ती डीपीची अडचण सोडवायला केलीत. ती चिन्हाचा कायमचा नियम का करत नाही?

आमच्या इथलं आर्टिस्ट्स व्हिलेज पाहिलं असेल. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वस्ती. साधारण ८ मीटर बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं. असे तीन गट एकत्र आले की २१ घरं आणि त्यांच्यामध्ये आणखी मोठी मोकळी जागा. तशा तीन समूहांतून त्याहून मोठा. घरं एकमेकांना भिंतीने जोडलेली नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं ही योजना. आज तिथे फिरलात तर बरीच घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललीत, मजले चढलेत, अंगणांचं जाळं मात्र टिकून आहे.

सांगायचं हे की काय पक्कं ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, हे कोरियांनी आधी ठरवलं. बोधचिन्हातही तेच ठरवावं लागतं. तुमचं कडं आणि मान पक्की ठेवा. शिरोरेषेची लांबी मोकळी सोडा, पण पूर्ण चौकटींतच वाढू द्या. वहीवर ८, टोपीवर १२, फ्लेक्सवर कितीही.

मासुंदाकाठ

हे भन्नाट आहे! मग लांब शिरोरेषेखाली तलावाचं नाव लिहिता येईल. 'उपवन', 'मखमली', 'सिद्धेश्वर', प्रत्येक फेरीचा वेगळा फलक.

कित्ता

थांबा जरा. नावं टंकातून (फॉन्टमधून) घ्याल तर त्या अक्षरांना स्वतःची शिरोरेषा असेल. वर तुमची जाड रेषा, खाली त्यांची बारीक. एकावर एक दोन शिरोरेषा वाईट दिसतील.

देवनागरीत शिरोरेषा हा अक्षराचाच अवयव आहे, वरून घातलेला पट्टा नाही. रुपयाचं चिन्ह पाहा. उदय कुमार यांनी केलेलं, १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. वरच्या दोन आडव्या रेघांपैकी एक शिरोरेषा म्हणूनच आहे, आणि खालची 'र' च्या अंगात मिसळली आहे. म्हणून ते आपलं वाटतं.

रेषाक्रम

बेलापूरकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी सकाळची बाकीची कामं बाजूला ठेवली. कडं आणि मान पक्की, शिरोरेषा वाढती. हाच नियम ठेवते.

काकांचा आक्षेप खरा आहे, म्हणून नावाचा प्रश्न दोन भागांत सोडवला. 'ठाणे' हा शब्द टंकातून घ्यायचा नाही, त्याच जाळीवर घडवायचा, एकाच शिरोरेषेखाली. पुढे 'ाणे' काढायचं तर नवीन आकार जवळजवळ लागतच नाहीत. काना म्हणजे २ रुंदीची उभी पट्टी. 'ण' म्हणजे खाली अर्धवर्तुळाने जोडलेल्या दोन उभ्या रेघा आणि शेजारी काना. ते अर्धवर्तुळ मी 'ठ' च्या कड्याचं खालचं अर्ध जसंच्या तसं उचललंय. हिशेबाने रुंदी अशी: ठ चे ८, अंतर २, काना २, अंतर २, ण चा जोडलेला भाग ८, अंतर २, त्याचा काना २. एकूण २६. दोन्ही टोकांना २-२ बाहेर, म्हणून शिरोरेषा ३०.

छापलं तर अंतरं विषम दिसली. ठ गोल आहे, त्याच्या वर आणि खाली मोकळी जागा राहते, म्हणून ठ आणि काना लांब वाटतात. काना आणि ण ची पहिली उभी रेघ मात्र शेजारी शेजारी उभ्या, म्हणून दाटी वाटते. पहिलं अंतर १.५ केलं, दुसरं २.५. बेरीज तीच राहिली आणि शब्द सलग वाचला जाऊ लागला.

ण मध्ये आणखी एक बारीक गोष्ट होती. सरळ रेघ जिथे संपते आणि कंस सुरू होतो, तिथे भूमितीप्रमाणे स्पर्शिका जुळते, कोन कुठेच नाही. तरीही बोट फिरवावं तसा डोळा फिरवला की त्या सांध्याशी किंचित फुगवटा जाणवतो. सरळ रेघेला वक्रता नसते आणि कंसाची वक्रता एकदम सुरू होते, तो धक्का डोळ्याला कळतो. म्हणून वळण अर्धी चौकट आधीच अगदी हलकं सुरू केलं. कर्कटकाने हे करता येत नाही, सॉफ्टवेअरमध्ये वक्ररेषेच्या मुठी (हँडल) हाताने ओढूनच करावं लागतं.

राहिली णे ची मात्रा. ती शिरोरेषेच्या वर जाते आणि १६ चा चौरस मोडते. तिच्यासाठी वर ४ चौकटी वेगळ्या दिल्या. मात्रा २ जाड ठेवली तर शिरोरेषेवर ओझं वाटत होतं, म्हणून टोकाकडे निमुळती केली. सगळ्या शब्दात तेवढा एकच अवयव एकसारख्या जाडीचा नाही. काकांनी त्यावर नजर टाकावी.

तलावांची नावं मात्र टंकातूनच, 'मुक्त' मध्ये. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेला आणि सगळ्यांना मोफत खुला आहे. त्याच्या रेघा बऱ्यापैकी एकसारख्या जाडीच्या, आपल्या कड्याशी जुळतात. नाव चिन्हाच्या खाली, पूर्ण ४ चौकटींचं अंतर सोडून, लहान आकारात. दोन शिरोरेषा इतक्या लांब गेल्या की स्पर्धा राहत नाही.

पहिलंवर्ष

एक प्रश्न. गडद टी-शर्टवर पांढऱ्यात छापलं तर तीच फाईल उलटी करायची ना?

रेषाक्रम

तीच उलटी केली तर पांढरं चिन्ह जाड दिसतं. गडद पार्श्वभूमीवर उजळ आकार डोळ्याला पसरलेला वाटतो. त्यासाठी वेगळी फाईल ठेवते, कडं आणि शिरोरेषा किंचित बारीक करून. किती बारीक ते कापडावर छापून बघायचं, पडद्यावर नाही. शाई कापडात कशी मुरते ते कापडच सांगतं.

कित्ता

मात्रा पाहिली. निमुळती केलीत ते योग्य, पण ती शिरोरेषेतून निघाल्यासारखी दिसायला हवी, आत्ता वर ठेवल्यासारखी दिसते. मुळाशी थोडा बाक द्या. उजवीकडून उगवून डावीकडे झुकू द्या. बोरूने मात्रा एका झटक्यात येते, तो झटका राहिला पाहिजे.

र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' टंक घडवला, तोही पडद्याच्या मर्यादेत. मुळात ते सुलेखनातले. अक्षर आधी हातात असलं की यंत्राच्या चौकटीतही त्याचं वळण सांभाळता येतं.

रेषाक्रम

बाक दिला. फरक खूप पडला, काका. आता मात्रा रेषेतून उमलते.

फ्लेक्सवाला_वागळे

आता फाईलबद्दल बोलतो, कारण चांगली चिन्हं इथेच खराब होतात. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी पाठवतात आणि दहा फुटांचं करा म्हणतात. मग आमचा ऑपरेटर ती ट्रेस करतो आणि तुमचं ८.२ चं वर्तुळ अंड्यासारखं होतं.

वेक्टर फाईल द्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत अशी. पीडीएफ किंवा एसव्हीजी चालेल, आम्ही कोरलमध्ये उघडतो. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे नुसते आकार करून द्या, आमच्याकडे 'मुक्त' नसेल तर दुसराच टंक येईल आणि जोडाक्षरं फुटतील. सर्वांत महत्त्वाचं: कडं हे आउटलाइनची जाडी देऊन काढलं असेल तर त्याचा ऑब्जेक्ट, म्हणजे भरीव आकार करा. नाहीतर मोठं करताना वर्तुळ वाढतं आणि जाडी तेवढीच राहते. दहा फुटी फ्लेक्सवर तारेसारखं कडं आलेलं मी पाहिलंय.

व्हिनाईल कापायचं असेल तर आकार एकमेकांवर चढलेले नकोत, वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. प्लॉटरची सुरी प्रत्येक रेघेवरून फिरते. मान आणि कडं वेगवेगळे ठेवलेत तर सांध्यावर स्टिकर दोन तुकड्यांत निघेल.

कळव्याची_बाई

आमच्या वर्गात काल झालं. मुलांनी वहीत 'ठ' काढला, मग आठवून काढला. एका मुलीने स्वतःहून शिरोरेषा लांब करून त्याखाली खारेगावचा तलाव लिहिलं. कळव्याचं नाव तुमच्या यादीत नव्हतं.

रेषाक्रम

बाई, तिच्या फलकाने यादी वाढवली. खारेगाव घेतलं. तिचा कागद सांभाळून ठेवा, फेरीच्या दिवशी लावू.

अंतिम मापं पुन्हा देते, म्हणजे गटात दुसऱ्या कुणाला फाईल करावी लागली तर अडणार नाही. जाळी १६. कडं बाहेरून ८.२, पोकळी ४. मान १.९ रुंद, २ उंच. शिरोरेषा १.८५ जाड, लांबी ८ किंवा त्यापुढे २-२ ने वाढती. चारही बाजूंना किमान २ चौकटी मोकळ्या, तिथे मजकूर, फोटो, प्रायोजकाचं नाव काही नको. चिन्ह ६ मिमीपेक्षा लहान छापायचं नाही. वलय रद्द.

वागळे, सगळं ऑब्जेक्ट करून वेल्ड केलंय, पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवते. आधी १८ मिमीचा शिक्का आणि एक फुटी व्हिनाईल, एवढंच करा. टोपीचं नंतर.

फ्लेक्सवाला_वागळे

फाईल मिळाली, उघडली, स्वच्छ आहे. शिक्का शुक्रवारी तयार असेल. व्हिनाईल मॅट देऊ का ग्लॉसी? काठावर दुपारच्या उन्हात ग्लॉसी चमकतं आणि समोरून वाचता येत नाही, माझं मत मॅट.

रेषाक्रम

मॅट.